घड्याळ फिरवायची नोकरी

८ मार्च १९५९

ही वही माझ्याकडं येऊन दोन महिने झाले आणि पहिली ओळ आज लिहितोय. कबूल करायला हरकत नाही, वाचणारा मीच आहे. आधी शाई नव्हती. शाई आली तर टाक फुटका निघाला. टाक मिळाला तेव्हा वाटलं, एवढी तांबड्या कापडी पुठ्ठ्याची, गुळगुळीत कागदाची वही, तिच्यात आपलं अक्षर म्हणजे धुतल्या सतरंजीवर चिखलाच्या पायानं चालणं. म्हणून नुसती उशाला घेऊन झोपत होतो. काल उंदरानं तिचा कोपरा खाल्ला. आता नासलीच आहे, तर लिहू.

वही मागच्या वर्षीची. नळदुर्गच्या एका आडत्यानं उरलेली दिली. छापलेले वार एक दिवस मागं आहेत. आज रविवार, वही म्हणते शनिवार. मला चालतं. मीही सगळीकडं एक दिवस उशिराच पोचत आलोय.

मी रामकिसन, तेरचा. चौथीपर्यंत उर्दूत शिकलो, मग पोलिस ॲक्शन झाली, शाळा बंद पडली, उघडली ती मराठीत. त्यामुळं दोन्ही भाषा निम्म्या येतात आणि हिशोब कुठल्याच भाषेत येत नाही. थोरला भाऊ बलभीम शेती बघतो. मी ट्रकवर क्लीनर होतो, नळदुर्गला धाब्यावर होतो, सोलापूरला गिरणीत सतरा दिवस होतो. तिथं एक बाई खुंट्याला बांधलेल्या शेळीसारखी दिवसभर एकाच जागी उभी राहून... नको. नोकरीचं लिहायला बसलो आणि शेळीवर गेलो. माझं हे असंच होतं.

तर नोकरी. जानेवारीत शाकंभरी नवरात्राच्या गर्दीत तुळजापूरला उतरलो आणि पुढचा ट्रक मिळेना म्हणून राहिलो. उद्योग नाही, म्हणून बसस्टँड ते महाद्वार, महाद्वार ते बसस्टँड असा फिरायचो. वाटेवरच्या एका ओट्यावर आरामखुर्चीत एक वयस्कर गृहस्थ शाल पांघरून बसलेले असायचे. एक दिवस त्यांनी हाक मारली. म्हणाले, सकाळपासून अकरा वेळा गेलास, काय हरवलंय? मी म्हटलं, काही न्हाय जी, मला बसवत न्हाय. त्यांनी मला बाजारात बैल बघावा तसं बघितलं.

"चालताना हात हलवतोस का नुसतेच पाय?"

"दोन्ही."

"मग आत ये."

ते दत्तोपंत. निजामाच्या अमदानीत कचेरीत शिरस्तेदार होते. सगळं गाव पंत म्हणतं. आत गेल्यावर त्यांनी एक निळी मखमली डबी माझ्यापुढं सरकवली. उघड, म्हणाले. आत सोन्याचं मनगटी घड्याळ. पांढऱ्या तबकडीवर आकड्यांच्या जागी नुसत्या सोन्याच्या काड्या. (आकडे नसल्यानं पहिले चार दिवस मला वेळच कळेना. कुणी विचारलं की मी उन्हाकडं बघून सांगायचो.)

या घड्याळाला चावी नाही. हात हलला की आत काहीतरी डुलतं आणि ते आपोआप भरतं. दीड दिवस हात हलला नाही की बंद. वर्षभर ते डबीत नव्यासारखं पडून होतं. नळदुर्गचा घड्याळजी शिवलिंगप्पा दर मंगळवारी इथं देवळाच्या वाटेवर पेटी मांडतो, तो पंतांना म्हणाला, असंच ठेवाल तर आतलं तेल घट्ट होईल, कुणाच्या तरी हातावर हे चालतं ठेवा. तो कुणीतरी मी. सकाळी सहा ते नऊ घड्याळ घालून फिरायचं, नऊ वाजता मलमलच्या फडक्यानं पुसून डबीत. बदल्यात ओसरीवर दोन वेळचं ताट आणि माडीवर झोपायला जागा. श्रीमंतांकडं घोडा फिरवायला मोतद्दार असतो, तसा मी. ज्या खोडीपायी बापाचा मार खाल्ला, तिच्यावर आता जेवतोय.

१० मार्च

मंगळवार. आज देवीचा वार, गर्दी; घड्याळाला सुट्टी नाही, पण देवळाकडं जायचं नाही. आणखी नियम: पाण्याजवळ जायचं नाही, बाही दुमडायची नाही, कुणाला हात लावू द्यायचा नाही. बाहीचा नियम मी कोपऱ्यावर वळेपर्यंत पाळतो. मग फक्त डावी दुमडतो.

पंत स्वतः का घालत नाहीत, हे कोडं मला सुटत नाही. विचारलं तर म्हणतात, भारी वस्तू रोज वापरायची नसते. मला वाटतं चिक्कूपणा. गाव म्हणतं राग. गावाचं म्हणणं असं, की पंतांची एकुलती एक मुलगी प्रमोदिनी हैदराबादला शिकायला गेली आणि तिथं विरुपाक्ष नावाच्या लिंगायत डॉक्टरशी तिनं रजिस्टर लग्न केलं. तीन वर्षं झाली. पंत गेले नाहीत, पत्र नाही, काही नाही. तो जावई पुढं विलायतेला शिकायला गेला आणि येताना सासऱ्यासाठी हे घड्याळ घेऊन आला. टपालानं पाठवलं. गाव हसलं. कारण लग्नात घड्याळ द्यायचं ते सासऱ्यानं जावयाला, हा दस्तूर. इथं उलटंच.

एवढं असून पंत डबी रोज संध्याकाळी उघडून बघतात. म्हणजे मी उघडतो, ते बघतात. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसांच्या सवयी वेगळ्याच. पेपर हातात धरत नाहीत, जमिनीवर पसरून चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवतात आणि पान मी उलटतो. सुपारी मी कातरतो. कुणी हात जोडून नमस्कार केला तर पंत उजवा हात कपाळाला लावून आदाब करतात. तीस वर्षं निजामी कचेरीत काढल्यावर हात जोडायची सवय मोडत असेल.

१४ मार्च

आज लेखनिक झालो. पंतांची थोरली बहीण शारदाअक्का, लहानपणीच विधवा झालेली, हेच घर सांभाळते. प्रमोदिनीची आई गेल्यावर तिला अक्कानंच वाढवलं. डोळ्यांत मोतीबिंदू, लिहिता येत नाही. पंत दुपारी झोपल्यावर तिनं मला स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं आणि पदराखालून एक आंतरदेशीय पत्र काढलं. म्हणाली, पमीला लिहायचंय, आणि हे आत कळलं तर तुझं ताट बंद.

सांगितलं ते एवढंच. लोणचं घातलंय, गाईला कालवड झाली, शेजारच्या सरोजिनीला दुसरी मुलगी झाली, पाडवा नऊ एप्रिलला आहे. मी विचारलं, पंतांचं काय लिहू? अक्का म्हणाली, "लिही, सगळं ठीक आहे."

पत्र निम्मंही भरलं नाही. मला कोरी जागा पोस्टात टाकणं पटेना. टाकायला जाताना बसस्टँडच्या बाकावर बसून खाली माझं लिहिलं. लिहिलं ते असं, आठवेल तेवढं उतरवतो:

'मी रामकिसन, तेरचा. तुमच्या यजमानांनी पाठवलेलं घड्याळ सुखरूप आहे. पंतांनी ते एकदाही घातलं नाही, पण काळजी नसावी, रोज मी घालतो. चाल चांगली आहे. पंतांची तब्येत ठीक आहे, फक्त त्यांना एवढ्या उन्हाळ्यातही डाव्या हाताला थंडी वाजते, तो हात शालीत असतो, म्हणून पेपर व सुपारी माझ्याकडे आहे. कळावे.'

शेवटची ओळ उतरती गेली. माझ्या सगळ्याच ओळी उताराला लागतात.

१९ मार्च

आज माझी अक्कल उजेडात आली. बसस्टँडवर उभा होतो, डावी बाही वर. एका खेडवळ बाईनं घड्याळ बघितलं आणि विचारलं, साहेब, लातूरची गाडी कधी? मला साहेब म्हटल्यावर माहीत नाही असं सांगवेना. घड्याळाकडं बघितलं, भुवया आवळल्या, म्हटलं, साडेसातला. मग तिच्यामागं एक लग्नाचं वऱ्हाड आलं, त्यालाही वेळ दिली. मग एक तलाठी. अर्ध्या तासात मी पाच गाड्यांच्या वेळा ठरवल्या. एकही त्या वेळेला आली नाही. गंमत म्हणजे लोकांनी शिव्या गाडीला दिल्या, मला नाही. वऱ्हाडातला म्हातारा म्हणाला, एवढ्या मोठ्या घड्याळाचा माणूस खोटं कशाला बोलंल.

तसाच सटकलो. घरी आलो तेव्हा दहा वाजले होते. पंत ओट्यावर. उशीर का, विचारलं नाही. बस म्हणाले आणि बराच वेळ माझ्या मनगटाकडं बघत राहिले. मग एकदम विचारलं, हातावर जड वाटतं का रे? मी म्हटलं, पहिल्या दिवशी वाटलं होतं, आता हातच हलका वाटतो नसलं की. त्यांनी मान वळवली. मी धीर करून म्हटलं, पंत, तुम्हीच का घालीत न्हाय?

"जावयाला घड्याळ द्यायचं असतं, रामकिसन. इथं तो देतो आणि मी घ्यायचं. त्याच्यापुढं मी कुठला हात करू?"

म्हणजे गावाचंच बरोबर. राग आहे. चिक्कूपणाचा माझा अंदाज मागं घेतो.

२१ मार्च

पत्रात मी काय भर घातली ते आज अक्काला सांगून टाकलं. मला पोटात काही राहत नाही. वाटलं, बोलणी खाईन. अक्कानं लाटणं खाली ठेवलं. मग मला ते सगळं पुन्हा म्हणायला लावलं, थंडीच्या ओळीपर्यंत. तिनं डोळे पुसले, मोतीबिंदूचं पाणी सारखं येतं तिला. आणि मला गुळाची पोळी दिली, तुपासकट. अक्षर तिनं बघितलेलं नाही म्हणून बरं.

मग ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली, पेटी उघडली. आत एक शालू. पमीच्या लग्नासाठी घेतलेला, ती सातवीत असताना. एकदाही अंगाला लागलेला नाही. अक्कानं उलगडला तर प्रत्येक घडीवर फाटलेला. दरसाल उन्हं दाखवते, म्हणाली, तरी विरला, न नेसता. मी म्हटलं, उंदीर असतील. माझ्या वहीचंही तसंच झालं. अक्का हसली नाही.

२६ मार्च

काल धुळवड. आज लिहितोय, कारण काल लिहायची छाती झाली नाही.

सकाळी सहाला निघालो तर गल्लीत रंगाचे डबे घेऊन पोरं. घड्याळाला रंग लागला तर? म्हणून त्याला वाचवायला मी रस्त्यावर गेलो. समोर ओळखीचा ट्रक, बिराप्पा ड्रायव्हर. तो म्हणाला, चल नळदुर्गला, तिथं धाब्यावर कुणी रंग खेळत न्हाय. मला ते लई शहाणपणाचं वाटलं. नऊ वाजेपर्यंत परत येऊ असंही वाटलं. मला असं नेहमी वाटतं.

धाब्यावर सगळे जुने सोबती. घड्याळ बघून सगळे भोवती जमले. मग एकजण म्हणाला, कुणाचं चोरलंस? मी सांगितलं, नोकरी आहे ही माझी. ते एवढे हसले की चहा सांडला. बिराप्पा म्हणाला, "आमचा हात दिवसभर स्टेअरिंगवर हलतो, आम्हाला का न्हाय ठेवलं?" मी चिडलो. दाखवायला म्हणून जोरात हात झटकत चालून दाखवलं, आणि वळताना मनगट ट्रकच्या फळीच्या साखळीवर आपटलं.

काचेवर चरा. चार वाजताच्या काडीपासून थेट मधोमध.

तसाच पळत शिवलिंगप्पाच्या घरी गेलो. धुळवडीचा दिवस, तो अंगभर तेल लावून बसलेला. त्यानं भिंग लावून बघितलं, म्हणाला, काच वरवर खरवडली, आत काही झालं न्हाय. घासून निम्मं जाईल, सगळं जाणार न्हाय. मग मला बजावून म्हणाला, एक सांगतो तुला. माझ्याकडं बिघडलेली घड्याळं येतात ती दोन तऱ्हेची. एक आपटलेली, दुसरी जपलेली. आपटलेली तासाभरात दुरुस्त होतात.

मला त्यात काही दिलासा वाटला नाही. मला एवढंच दिसत होतं, की दोन महिने एका जागी टिकलो, हा माझा सगळ्यात मोठा पराक्रम, आणि तो संपला. एकदा मनात आलं, घड्याळ शिवलिंगप्पाकडं ठेवून हैदराबादकडचा ट्रक धरावा. वाईट म्हणजे ट्रक समोरच उभा होता. का नाही गेलो कळत नाही. बहुतेक अक्काची पोळी.

परत आलो तेव्हा दुपार. पंतांना अख्खी हकिकत सांगितली, फक्त चालून दाखवलं ते गाळलं. ते म्हणाले, डबी नको, तसंच दाखव. मी हात पुढं केला. त्यांनी उजव्या हाताच्या अंगठ्यानं तो चरा चाचपला, इकडून तिकडं, तिकडून इकडं. मी बोचकं बांधायच्या तयारीत.

"बरं झालं," पंत म्हणाले.

मी वाट बघत राहिलो, पुढं काय म्हणतात. ते म्हणाले, सोड डबीत, उद्या वेळेवर ये. बस. माणूस रागानं असा शांत झाला की मला जास्त भीती वाटते.

२ एप्रिल

चार दिवस थंडीतापानं माडीवर पडून होतो. हात हलवायचं सोडा, पापणी हलेना. तापातही एकच काळजी, की घड्याळ बंद पडणार. दीड दिवसाच्या वर ते चालत नाही आणि या घरात हात हलवणारा मी एकटा. अक्काला म्हटलं, तूच घाल, भाकऱ्या थापताना चांगलं भरेल. ती म्हणाली, पोरा, झोप.

आज उठलो, खाली गेलो, डबी उघडली. चालू. बसस्टँडवरच्या घड्याळाशी मिळवून बघितलं, वेळ बरोबर. चार दिवस डबीत पडून. मी पंतांना म्हटलं, विलायती यंत्र म्हणजे यंत्रच, कुणी हात न लावता चार दिवस चाललं. पंत म्हणाले, हो, आश्चर्यच आहे.

आणखी एक आश्चर्य. मी पट्टा दुसऱ्या भोकात अडकवतो. आता तिसऱ्या भोकाशी नवी घडी पडली आहे. उन्हाळ्यानं कातडं आकसतं, दुसरं काय.

काळजी मात्र वेगळीच लागली. घड्याळ आपलं आपण चालत असेल तर माझी गरज काय? हे पंतांच्या ध्यानात आलं नसेल अशी आशा आहे. मी होऊन सांगणार नाही.

८ एप्रिल

ध्यानात आलं.

आज संध्याकाळी पंत म्हणाले, उद्यापासून सकाळचं फिरणं बंद. मी विचारलं, बंद म्हणजे सुट्टी का? ते म्हणाले, बंद म्हणजे बंद. डबी त्यांनी स्वतःच्या उशाजवळ ठेवून घेतली.

म्हणजे चऱ्याचा राग आता निघाला. माणसानं तेव्हाच बोलावं. पाडव्याला लोक नवी वस्तू वापरायला काढतात, हे जुन्या माणसाला काढतायत. मी माडीवर येऊन बोचकं बांधलं. एक धोतर, दोन सदरे, ही वही. बांधायला वेळ लागला नाही, म्हणून सोडून पुन्हा बांधलं. बलभीमला काय सांगू? घड्याळ घालायच्या नोकरीवरूनही काढलं म्हणून? तो म्हणेल, याहून हलकं काम देवाकडं नाही.

अक्का पत्राची वाट बघून थकली. पोस्टमन गल्लीत आला की ती दारात, गेला की आत. हैदराबादहून ओळ नाही. तिचं तोंड बघून मला वाटतं, माझ्या त्या थंडीच्या बातमीनं काहीतरी बिघडवलं. कोरी जागा कोरीच सोडायला पाहिजे होती.

उद्या सकाळी गुढी उभी करून देतो आणि जातो. पंतांना वर काठी बांधता यायची नाही, त्यांना थंडी आहे.

९ एप्रिल, पाडवा

बोचकं शेजारी आहे. घाईनं लिहितोय, पण लिहायलाच पाहिजे, कारण आज मी गाढव आहे हे कागदावर यायला हवं.

सहाला खाली गेलो तर ओट्यावर पंत उभे. शाल आरामखुर्चीवर. एवढ्या दिवसांत मी त्यांना शालीशिवाय पहिल्यांदा बघितलं. समोर गुढीची काठी, तांब्या, कडुलिंबाचा डहाळा, आणि अक्कानं दिलेला तो फाटका शालू, घड्या आत दाबून गुंडाळलेला. पंत दोन्ही हातांनी तो काठीला बांधत होते. डाव्या मनगटावर घड्याळ. आणि तो हात थरथर हलत होता, सूप पाखडावं तसा. थांबतच नव्हता.

मी काय म्हणावं? माझं डोकं एकाच मार्गानं चालतं. मी पुढं होऊन म्हटलं, "पंत, एवढं जोरात नको. ते आपोआप भरतं."

अक्का दारात होती. तिनं पदर तोंडाला लावला. पंतांनी माझ्याकडं बघितलं, मग हाताकडं, आणि हसले. हसतच राहिले, अगदी खोकला येईपर्यंत. दोन महिन्यांत मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं. म्हणाले, "दोन वर्षं हे असंच आपोआप भरतंय, रामकिसन. थांबवायची कला मला येत नाही."

तरी मला कळायला क्षण गेला. पेपरचे चार खडे. सुपारी. आदाब. उन्हाळ्यातली थंडी. तापाच्या चार दिवसांत चाललेलं घड्याळ आणि तिसरं भोक. मी सगळं या वहीत लिहून ठेवलंय, ओळीनं, आणि एकही ओळ वाचली नाही. या माणसाला लोकांपुढं हात काढायची लाज वाटत होती आणि मी त्याला चिक्कू म्हणत होतो. मी त्यांच्या मुलीला पत्रात लिहून कळवलं. थंडी म्हणून.

ते मी त्यांना तिथंच सांगितलं. सगळं. पत्राचं, कोऱ्या जागेचं, मी घातलेल्या भरीचं. म्हटलं, मारायचं असलं तर मारा. गुढीची गाठ अर्धी राहिली होती, ती मी बांधावी म्हणून काठी धरली, तर म्हणाले, नको, मी बांधतो. बांधली. गाठ वेडीवाकडी आली, पण बसली. मग विचारलं, पत्र कधी टाकलंस? मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, आणि एवढंच म्हणाले, म्हणजे सव्वीस दिवस झाले, येणारं उत्तर आलं असतं. आत गेले.

अक्का मला म्हणाली, बोचकं कशाला बांधलंस? घड्याळ त्यांच्या हाती गेलं, पेपर धरायला कोण आहे?

मी माडीवर आलो, बोचकं सोडायला. सोडायच्या आधी हे लिहितोय. आता गल्लीत टांगा थांबला. पाडव्याला पाहुणे येतातच, कुणाचे तरी असतील.

खिडकीतून बघितलं. एकजणच उतरला. उंच, चष्मा, हातात काळी बॅग, डॉक्टरकडं असते तशी. एवढ्या दिवसांच्या सवयीनं मी आधी मनगट बघितलं. मोकळं. डॉक्टर माणूस आणि हातात घड्याळ नाही. दुसऱ्या हातात निळा आंतरदेशीय कागद, उघडलेला. त्यावरच्या ओळी उताराला लागल्या आहेत, हे मला वरूनही दिसतंय.

त्यानं गुढीकडं बघितलं, मग वर. मला विचारतोय, "तेरचे रामकिसन इथंच राहतात का?"

आतून पंतांनी हाक दिली, कोण आहे म्हणून. अक्का म्हणाली, मी बघते. पंत म्हणाले, नको, तू राहू दे. पावलं ओट्याकडं चाललीत. शाल खाली आरामखुर्चीवरच पडली आहे.

जातो.